सरळ केलेले कोपरे

जनावरांच्या त्या दवाखान्यात एकोणीस वर्षं सगळा कारभार पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालला होता. एका जनावराचं एक कार्ड. जनावर गेलं की डॉक्टर त्यावर तसं लिहीत नसत. त्यांच्याच्याने ते लिहवत नसे. कार्डाचा उजवा कोपरा तेवढा दुमडायचा आणि कार्ड परत जागेवर ठेवायचं. ही खूण दोघांनाच ठाऊक होती, डॉक्टरांना आणि काउंटरवरच्या ताईंना.

मग नवं सॉफ्टवेअर आलं. ते बसवणाऱ्या तंत्रज्ञाने ताईंना बजावलं, "स्कॅनिंगच्या मशीनमध्ये कार्डं अडकतात हो. कोपरे तेवढे सरळ करून द्या."

ताई त्या आठवड्यात तापाने फणफणल्या होत्या. डोकं काम करत नव्हतं, पण हात करत होते. दोन हजार कार्डं त्यांनी इस्त्री केल्यासारखी सरळ केली. त्यात भुरीचंही कार्ड होतं. भुरी त्यांची स्वतःची कुत्री. मागचे पाय लुळे पडून तीन महिने कण्हत होती. गेल्या वर्षी ताईंनी मन घट्ट करून तिला मांडीवर धरलं आणि डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं. सुटली बिचारी, एवढाच ताईंना आधार होता.

सॉफ्टवेअरने सगळ्यांनाच जिवंत धरलं आणि घरोघरी लसीचे निरोप धाडले. पहिला फोन एका निवृत्त मुख्याध्यापकांचा.

"अहो, थट्टा करता का आमची? बंड्या जाऊन दोन वर्षं झाली!"

ताईंनी दहादा माफी मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचाच फोन आला. आवाज अगदी बारीक.

"ताई, वेळ अकराचीच ना? आणतो त्याला."

ते आले. पट्ट्याला बंड्या होता. वजनकाट्यावर उभा केला, तर आकडा शून्यावरून हलेना. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, इकडे लावली, तिकडे लावली, आणि कानातून काढून टेबलावर ठेवली.

"खात नाही, झोपत नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "गेला तेव्हा पोटात दुखत होतं, तेच अजून दुखतंय. सोडवा हो त्याला, डॉक्टर."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. मग दुसरं. बंड्या कळवळला, बस्स.

ताई धावत संगणकापाशी गेल्या. बंड्याच्या नावापुढे त्यांनी 'मृत' अशी नोंद केली. पडद्यावर ओळ उमटली. ही नोंद एकदा झालेली आहे. पुन्हा करता येणार नाही.

बाहेरच्या बाकांवर आता माणसं दाटीवाटीने बसली होती. कुणाच्या मांडीवर टोपली, कुणाच्या हातात दोरी. एवढी जनावरं, पण एकही भुंकत नव्हतं.

ताईंनी यादी खाली सरकवली.

भुरी. वेळ बारा. आली आहे.

काउंटरखाली त्यांच्या पावलांना काहीतरी टेकलं.

"भुरे," ताई कशाबशा म्हणाल्या, "तू सुटली होतीस ना गं?"

खालून कण्हणं ऐकू आलं. तेच, तीन महिन्यांचं.

ताईंनी न बघताच हात खाली नेला. भुरीने तो सवयीने चाटला. जीभ कोरडीठाक होती.