आतला वाटा

सागिंदिकच्या लेकीला डोहाळे लागले ते सुदाक माशाचे, आणि तोही बाउतिनोच्या खाडीतलाच हवा. बाजारातला आणला की ती नाक मुरडून ताट सरकवायची. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. आता सातवा महिना चालू होता. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाला बाधतं, हे सागिंदिकची बायको बाल्झान उठता-बसता ऐकवत होती. सागिंदिक बंदरावरच्या क्रेनचा मिस्त्री. पान्याने जे फिरत नाही ते जगातच नाही, असा त्याचा खाक्या. पण लेक झानिल एकुलती एक, आणि हे बाळ गेलं तर ती उभी राहणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शनिवारी उजाडताच त्याने रबरी होडी गाडीच्या टपावर बांधली.

सोबतीला साडू ओराल्बाय. साडूला साडू दिसला की डोकं खाजतं म्हणतात. या दोघांचं तर लग्नापासून खाजत होतं.

"गळ टाकून घोरू नकोस," होडी ओढताना ओराल्बाय म्हणाला. "मागच्या खेपेला मासा आमिष खाऊन ढेकर देऊन गेला."

"तू तोंड मिटलंस तर येईल एखादा."

समुद्र गेली काही वर्षं मागेच हटत होता. जुना लाकडी धक्का कोरडा पडला होता, आणि त्याच्यापुढे पाण्यापर्यंत नुसता काळा चिखल. धक्क्याच्या टोकाला एक माणूस उभा होता. मेणकापडाचा लांब कोट, टोपी डोळ्यांवर ओढलेली. दोघांनी सलाम केला. त्याने उत्तर दिलं नाही.

"सलाम घेत नाही म्हणजे काय माणूस आहे!" ओराल्बाय पुटपुटला.

"बहिरा असेल. चल."

डोंगराच्या आडोशाने खाडीत वारा नव्हता, तरी गारठा हाडात शिरत होता. दोघांनी थर्मासमधला दुधाचा चहा आणि तळलेल्या पिठाचे बाउरसाक संपवले. बटबटीत डोळ्यांचे बोटभर बिचोक मासे गळाला लागत राहिले, बादली निम्मी भरली. मग एकाएकी तेही थांबले. डोक्यावर घिरट्या घालणारे पक्षी कधी गेले ते कळलं नाही. पाणी तेलासारखं स्तब्ध झालं.

तेवढ्यात सागिंदिकच्या हाताला कळलं. दोन हलके टोचे. थोडी उसंत. मग तळाकडे एक लांब ओढ. त्याची बोटं आपोआप आवळली आणि त्याने गळ झटकला. हातभर लांबीचा सुदाक वर आला, तेव्हा त्याला लहान पोरासारखा आनंद झाला.

"झानिलचं नशीब!" ओराल्बाय ओरडला. या खेपेला त्याने थट्टा केली नाही.

ते काठाला लागले तेव्हा तो माणूस खाली चिखलात, होडी आणि गाडीच्या मधोमध उभा होता. पाऊस नव्हता, तरी त्याच्या कोटातून पाणी निथळत होतं. त्याच्या भोवतालच्या ओल्या चिखलात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"सिरालगी," तो म्हणाला.

शिकारीहून परतणाऱ्याला वाटेत कुणी एवढं म्हटलं की वाटा द्यायचा, मागेल तो. यात घासाघीस नसते. सागिंदिकच्या आजोबांनी या एका शब्दावर दिवसभराच्या पाठलागाचा कोल्हा देऊन टाकला होता.

सागिंदिकने बादली पुढे केली. "घ्या. सगळे घ्या."

"तो." माणसाने सुदाककडे बोट दाखवलं.

"तो नाही. घरी पोटुशी लेक वाट बघतेय."

"कितवा?"

"सातवा," ओराल्बायच्या तोंडून निघून गेलं.

माणसाने मान वळवून टेकडीवरच्या घरांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "माझं मी घेईन."

ओराल्बायने सागिंदिकची बाही धरली. "दे त्याला. पाया पडतो तुझ्या, देऊन टाक."

"तुझ्या बापाचं काय जातंय? लेक माझी आहे!"

रागाच्या भरात सागिंदिक माणसाला ढकलूनच पुढे गेला. खांद्याला कोट लागला आणि आत दबला, आत कुणी नसल्यासारखा.

ओराल्बाय गाडीत बसला नाही. पायी जातो म्हणाला.

घरी मासा अजून कल्ले हलवत होता. बाल्झानने हसत हसत सुरी चालवली आणि तिचा हात थांबला.

"साफ करून आणलात?"

"नाही. का?"

पोटाला आत्ताच सुरी लागली होती. आधीचा छेद कुठेच नव्हता. पण आत काहीच नव्हतं. आतडी नाहीत, रक्त नाही, धुऊन पुसलेली पांढरी पोकळी. आणि कल्ले हलतच होते.

आतल्या खोलीतून झानिलचा आवाज आला. "आई, मघापासून बाळ हललंच नाही गं."

सागिंदिकने मासा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तो धावत सुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वाटेत अल्लाचं नाव घेतलं.

माणूस धक्क्याच्या टोकाला होता.

"चुकलो," सागिंदिक धापा टाकत म्हणाला. "घ्या. अख्खा घ्या."

माणसाने हात पुढे केला नाही. "मला मिळाला."

"काय मिळालं?"

"आतला वाटा."

तो पायऱ्या उतरून चिखलातून पाण्याकडे चालू लागला. मागे पाऊल उमटत नव्हतं.

सागिंदिकच्या हातात कल्ले एकदा उघडले आणि मिटले ते मिटलेच.

खिशातला फोन वाजला. बाल्झान रडत होती, हसत होती. "हललं! अहो, आत्ता हललं बाळ!"

मासा तिथेच टाकून तो परतला. दारातच त्याला हुंदका फुटला. झानिल उशीला टेकून बसली होती, गाल ओले, चेहरा उजळलेला.

"रडता काय बाबा? हात ठेवून बघा ना."

तिने त्याचा तळवा पोटावर धरला.

दोन हलके टोचे.

थोडी उसंत.

मग एक लांब ओढ, खाडीच्या दिशेने.

"किती जोर आहे ना बाबा?" झानिल म्हणाली.

सागिंदिकची बोटं आपोआप आवळली.