सुनंदाची गोकर्ण

श्वासडबीचा लाल दिवा लागला, "बी मृत आहे" असं ती लाडिक आवाजात म्हणाली आणि आत घर्र झालं. रवींद्र साळोखेंनी झाकण उघडेपर्यंत सहाव्या बीची चिमूटभर पूड झाली होती.

"अगं, मला विचार तरी!" ते डबीवर खेकसले.

चष्म्याच्या घरात आता तीनच बिया उरल्या होत्या. दुहेरी पाकळ्यांच्या पांढऱ्या गोकर्णीच्या, त्यांच्या बायकोनं, सुनंदानं, शेवटच्या आजारपणाआधी स्वतःच्या हातानं शेंगा सोलून ठेवलेल्या. ती गेली त्या उन्हाळ्यात गॅलरीतली वेल पाण्यावाचून जळाली. दवाखान्याच्या धावपळीत साळोखेंना वेलीची आठवणच झाली नाही. तीन वर्षं ती बोच मनातून जात नव्हती.

आयुष्यभर उद्यमनगरात फिटर म्हणून काम केलेला माणूस. मापल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, ही सवय हाडात मुरलेली. म्हणून बिया सरळ मातीत न टाकता त्यांनी डबीत घातल्या होत्या. बी ओलाव्यात ठेवलं की ते पाणी पितं, जागं होतं, श्वासोच्छ्वास करू लागतं. डबी सहा तास तो उच्छ्वास हुंगत बसते. श्वास सापडला तर हिरवा दिवा, नाही तर लाल, आणि मेलेल्या बीनं कुंडीत जागा अडवू नये म्हणून लगेच दळण. दहा वर्षांत ही डबी घरोघरी पोचली होती. तिच्या शिक्क्याशिवाय कोणतीही रोपवाटिका बियांचं पाकीट विकत नव्हती, आणि यंदा तर विकायला पाकिटंच नव्हती.

साळोखेंनी पेचकस आणला आणि डबीची पाती काढून फेकली. हे सहा बियांआधी सुचलं नाही म्हणून स्वतःला दोन शिव्या हासडल्या. मग सातवं बी आत ठेवलं.

सहा तासांनी पुन्हा लाल दिवा. या खेपेला मात्र बी शाबूत होतं. त्यांनी ते ताटलीत टाकलं, तर खडा पडावा तसं टणकन वाजलं. इतका वेळ ओलाव्यात राहूनही ते तसूभर फुगलं नव्हतं.

"ऋजुता, जरा इकडं ये," त्यांनी सुनेला हाक मारली. ती शेतकी विद्यालयात शिकवायची. "मेलेलं बी पाणी पितं का न्हाई?"

"पितं की, बाबा. फुगतं, मग कुजतं."

"मग ह्यानं घोटभर बी पाणी घेतलेलं न्हाई. हे मेलेलं न्हाई गं. ह्यानं दार लावून घेतलंय!"

तेव्हा कुठे त्यांना सुनंदाची सहाण आठवली. सकाळी ती बिया सहाणेवर खरखर घासायची आणि ते हसायचे, "बियांचं गंध लावतीस व्हय देवाला?" सहाण आता घरात नव्हती. त्यांनी बारीक दातांची कानस काढली, बीच्या पाठीवर तीन हलके हात मारले, टरफलाखालचा फिका ठिपका दिसला तसे थांबले, आणि बी कोमट पाण्यात सोडलं.

सकाळी ते दुप्पट फुगलं होतं. डबीत ठेवलं तर हिरवा दिवा लागला. आनंद व्हायचा तो बाजूलाच राहिला. साळोखेंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा जिवंत बिया त्यांनी आपल्या हातानं दळल्या होत्या.

ऋजुता मात्र खिडकीपाशी गेली होती. समोरच्या इमारतींचे कठडे वेली जळून उघडे पडले होते, तिकडे ती बघत होती.

"बाबा, हे फक्त आपल्याकडे नाही झालेलं. उशिरा उठणारं प्रत्येक बी दहा वर्षं असंच दळलं गेलं. राहिल्या त्या सगळ्या बिया घाईच्या. म्हणून एप्रिलच्या एका वळवाला गावभरच्या वेली एकदम उगवल्या आणि पुढच्या आठ दिवसांच्या उन्हात एकदम जळाल्या. मागे थांबलेलं एकही बी मातीत नव्हतं."

सहाव्या दिवशी कुंडीत कोंब आला. साळोखेंनी त्याला ओल्या गोणपाटाची सावली केली आणि सुनंदा गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना मोकळेपणी रडू आलं.

"उरलेल्या दोन्ही घासूया ना?" ऋजुतानं कानस पुढं केली. "हा एकटा जगेलच असं नाही."

त्यांनी कानस हातात घेतली. बाहेर त्रेचाळीस अंश होते. सुनंदा कधीच सगळ्या बिया घासत नसे. दोनचार घरात ठेवूनच द्यायची, आणि ते तिला चिक्कू म्हणायचे. कानस खाली ठेवून त्यांनी त्या दोन बिया पुन्हा चष्म्याच्या घरात सरकवल्या.

"एखाद्या बऱ्या सालासाठी झोपू देऊ म्हणतो ह्यांना," ते म्हणाले. "पर त्या साली मी नसलो, तू नसलीस, तर ह्या मेलेल्या न्हाईत हे सांगायचं कुणी?"