तीन तोंडं

सौदीतल्या खमीस मुशैतला आमच्या घराच्या खिडक्या दिवसातून चार-पाच वेळा थरथरतात. हवाई दलाचा तळ जवळच आहे, आणि लढाऊ विमानं सकाळीच सुरू होतात. सानिका तेव्हा साडेसात वर्षांची होती. तिचा तळहात काचेवर असला, की ती आमच्या आधी "विमान" म्हणायची. कानांनी तिला काहीच कळत नव्हतं. साडेतीन वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. अकरा दिवस आयसीयूत काढून ती परत आली, ऐकणं तेवढं तिथेच राहिलं.

आणि तिचा बाप नेमका कानांच्या खात्यातला. मी ऑडिऑलॉजिस्ट आहे. लोकांची श्रवणशक्ती तपासणं, कानाला यंत्रं बसवणं आणि बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला शिकवणं हे माझं काम. इथल्या एका खासगी रुग्णालयात मला नऊ वर्षं झाली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि ज्यांचा असतो त्यांच्यावर मी चिडतो. माझी बायको सुखदा म्हणते, चिडणं हा तुझा जोडधंदा आहे.

सुमीत सुखदाचा धाकटा भाऊ. आमच्याच रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करायचा आणि वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. जेवायला मात्र आमच्याकडे. त्याला एक खोड होती. बोलायच्या आधी तोंड मिटून घशातल्या घशात एक "हं" करायचा, मग वाक्य. सुखदा म्हणायची, याचं इंजिन आधी सुरू होतं, मग गाडी हलते. मी त्याची ती सवय मोडायचा धंदेवाईक प्रयत्न करून पाहिला आणि सोडून दिला. सानिकाला त्या "हं"चा पत्ताच नव्हता. मिटल्या तोंडातला आवाज ओठांवर दिसत नाही.

त्याचं वेड होतं जपानी कार्टून. आजची चकचकीत नव्हेत, जुनी. शुक्रवारी सकाळी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन तो सानिकाला ती दाखवत बसायचा. एकदा ती तोंड वाकडं करून म्हणाली, "मामा, हे लोक बोलत नाहीत. चघळतात."

सुमीत खूश झाला. "हं. बरोबर पकडलंस!" त्याने वहीच्या पानावर तीन तोंडं काढून दाखवली. मिटलेलं, अर्धं, उघडं. "बास. एवढ्या तीन तोंडांवर सगळं बोलणं. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा नवा भाग टीव्हीवर द्यायचा म्हटल्यावर चित्रं काढणार किती? मग अंग स्थिर ठेवायचं, तोंड तेवढं हलवायचं, आणि आवाज नंतर भरायचा."

मग तो माझ्याकडे वळला. "हं. भाऊजी, शंभर वर्षांपूर्वी हे सुरू झालं तेव्हा तर आवाजच नव्हता. फळ्यावर खडूने काढायचे, नाहीतर कागदाची बाहुली कापून इंच इंच सरकवायचे. पुढे सेल्युलॉइडचे पारदर्शक पत्रे आले, पण इतके महाग, की एक चित्र झालं की धुऊन त्याच पत्र्यावर दुसरं. आधीच्याचे ओरखडे राहायचे म्हणे. आणि पडद्याशेजारी एक माणूस उभा. बेन्शी म्हणायचे त्याला. सगळ्यांचे आवाज तोच काढायचा. चित्र मुकंच हो. शेजारी जिवंत माणूस लागतो."

मी म्हणालो, पोहे गार होतायत.

रिसेप्शनवरच्या अरवाने त्याला तिच्या लहानपणच्या व्हिडिओ कॅसेट दिल्या होत्या. इथली तिच्या वयाची माणसं हीच कार्टून अरबीत बघत मोठी झाली. ती जपानी आहेत हे अरवाला कॉलेजात गेल्यावर कळलं. सुमीतने कुठूनसा एक व्हीसीआर मिळवून चालू केला. एका कॅसेटमध्ये कोळ्यांच्या गावातल्या एका मुलीची गोष्ट होती. रंग उडालेले, चित्र मधूनच वर सरकणारं. प्रत्येक भागात धक्क्याच्या टोकाला एक म्हातारा दिसायचा, कागदी छत्री घेऊन. दहाएक सेकंद. त्याचं तोंड हलायचं, पण अरबीत त्याला कुणी आवाजच दिला नव्हता. नुसतं संगीत वाजत राहायचं.

सानिका पोहे खाता खाता थांबली.

"हा बोलतो," ती म्हणाली.

"चघळतो," मी म्हणालो.

"नाही. बोलतो. 'बाबा, खाली ये.'"

मी हसलो. चपला घालून खाली जाऊन आलो, तिच्या समाधानासाठी. जिन्यात कुणी नव्हतं. रस्त्यावर पाण्याचा टँकर उभा होता.

पुढच्या शुक्रवारी पुढचा भाग. म्हातारा आला. सानिका सुखदाला चिकटून बसली. "तेच म्हणतोय. बाबा, खाली ये."

तिसऱ्या वेळी ती रडली. मग मात्र मी तो प्रकार हातात घेतला. चित्र थांबवत थांबवत एकेक पुढे नेलं आणि कागदावर टिपलं. म्हाताऱ्याला तोंडं तीनच होती. मिटलेलं, अर्धं, उघडं. सुमीत शेजारी बसून मोजत होता. क्रम असा निघाला: मिटलेलं, उघडं, मिटलेलं, उघडं. मग थोडा थांबा. मग उघडं, अर्धं, अर्धं.

"हं. 'बाबा' तर बसतं की हो," सुमीत म्हणाला.

"आणि 'खाली'?" मी म्हणालो. हा माझा प्रांत होता आणि मला चेव आला. "ख घशात होतो. तो ओठांवर दिसूच शकत नाही. जगातल्या कुठल्याही बहिऱ्या माणसाला दिसत नाही." मी सानिकाचा चेहरा माझ्याकडे वळवला. "तुला 'खाली' कसं कळलं?"

"तो खाली बघतो," ती म्हणाली.

आम्ही पुन्हा चित्र लावलं. खरंच, दुसऱ्या शब्दाला म्हाताऱ्याचे डोळे खाली जात होते. मी म्हटलं, झालं समाधान, पोर हुशार आहे आणि अंदाज करते. एक अवघड अक्षर मी पकडलं आणि मला माझंच कौतुक वाटलं. बाकीच्या अक्षरांकडे मी पाहिलं नाही.

खाली या शब्दाला आमच्या गावात आणखी एक अर्थ आहे, तो आधी माझ्या डोक्यात आला नव्हता. खमीस आणि शेजारचं अभा उंचावर, साडेसहा-सात हजार फुटांवर. घाट उतरला की तिहामाची उकाड्याची सपाटी. तिकडे जाणं म्हणजे खाली जाणं. दर बुधवारी मी खाली जायचो. आमच्या रुग्णालयाचा तिथे छोटा दवाखाना आहे. सुमीत गाडी चालवायचा, कारण मला घाटातल्या बोगद्यांत गुदमरल्यासारखं होतं.

त्या बुधवारी सकाळी सानिकाने माझे बूट लपवले. सापडले तर ते घट्ट धरून दारात बसली आणि ओरडायला लागली. बहिऱ्या मुलाचं ओरडणं ज्यांनी ऐकलेलं नाही, त्यांना मी ते सांगू शकत नाही. त्याला वर-खाली काही नसतं, एकाच पट्टीत ते चालत राहतं. "बाबा, खाली नको. खाली नको."

"राहा ना एक दिवस," सुखदा म्हणाली. "पुढच्या महिन्यात पोरीच्या कानाचं ऑपरेशन आहे. उगाच धसका नको तिला."

सुमीत दारात किल्ल्या फिरवत उभा होता. "हं. भाऊजी, तुम्ही राहाच. तपासायचं यंत्र फक्त पोचवायचंय, मी एकटा जातो. म्हाताऱ्याला तुम्ही हवे आहात, मी थोडाच." त्याने सानिकाच्या नाकाला चिमटा काढला. ती लगेच शांत झाली. मामाला तिने हात हलवून निरोप दिला.

मी रुग्णालयात डोकं दुखतंय असं कळवलं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

तीन वाजता खालच्या दवाखान्यातून तौकीरचा फोन आला. तो तिथला टेक्निशियन. "सर, सुमीत भाई अभी तक पहुँचे नहीं. ऊपर बहुत धुंद है क्या?"

धुकं होतं. दुपारनंतर घाटात ते रोजच चढतं.

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. तिला काहीही झालेलं नव्हतं. तिसऱ्या बोगद्याच्या पुढे, रस्त्याच्या कडेला व्यवस्थित लावलेली. दिवे लुकलुकत ठेवलेले. दार उघडं. आत माकडं शिरली होती, त्यांनी डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या होत्या. यंत्र मागच्या सीटवर जागच्या जागी होतं.

सुमीत कठड्यापलीकडे, साठ फूट खाली होता.

पोलिसांनी लिहिलं, धुक्यात उतरला असावा, तोल गेला असावा. मी त्यावर सही केली. मृतदेह रत्नागिरीला पाठवायला सतरा दिवस लागले. कफीलचं, म्हणजे इथल्या मालकाचं पत्र, दूतावासाचं पत्र, शिक्के. मी सोबत गेलो आणि परत आलो. सुखदा त्या दिवसांत एकदाच मोठ्याने रडली, त्याचा डबा घासताना.

परत आल्यावर कामाच्या पहिल्या रविवारी शादाब आणि नूरैन नावाचं मालेगावचं जोडपं त्यांच्या तान्ह्या मुलीला घेऊन आलं. मी नेहमीचा पहिला धडा घेतला. नऊ वर्षं तोच घेतोय. आईवडिलांना आरशासमोर बसवायचं आणि आवाज न काढता तीन शब्द म्हणायला लावायचे, म्हणजे मुलाला काय दिसतं ते त्यांना कळतं.

"पापा," मी म्हणालो. "आता बाबा. आता मामा."

नूरैनने तीनदा ओठ हलवले आणि माझ्याकडे वळली. "सर, ये तो तीनों एक ही हैं."

मी आरशात माझे ओठ पाहत राहिलो.

मिटलेलं, उघडं, मिटलेलं, उघडं.

सानिकाचा काही दोष नव्हता. जे शब्द ओठांवर सारखे दिसतात, त्यांतला त्याला हवासा किंवा भीतीचा वाटणारा शब्द मूल निवडतं. हेही मी आईवडिलांना सांगतो. तिने बाबा निवडला. ते तपासणं माझं काम होतं, आणि मी घशातल्या ख वर माझी हुशारी दाखवत बसलो होतो. सुमीतला मी पाठवलं. सुखदाला हे मी अजून सांगितलेलं नाही.

कॅसेट मी एका खोक्यात घालून कपाटावर टाकली. चिकटपट्ट्या लावून खोकं बंद केलं.

पुढे ढकललेलं सानिकाचं ऑपरेशन रियाधला झालं. कानाच्या आत, शंखाच्या आकाराच्या भागापर्यंत तार गेली. महिन्याभराने यंत्र सुरू केलं. लोकांना वाटतं की कळ दाबली की ऐकू येतं. तसं नसतं. आधी नुसती टिकटिक, मग गोंगाट, मग कित्येक महिन्यांनी त्या गोंगाटातून शब्द सुटे होतात. घरी मीच तिचा सराव घ्यायचो. सुखदाची भरतकामाची रिंग, त्यावर ताणलेलं काळं कापड. ते तोंडापुढे धरायचं, म्हणजे मुलाला ओठ दिसत नाहीत आणि कान वापरावाच लागतो. ब आणि म यांतला फरक सगळ्यात शेवटी येतो. मी कापडाआडून म्हणायचो, ती ओळखायची. बाबा. मामा. मामा. बाबा. आधी दहापैकी चार. मग सहा. मग आठ. प्रत्येक वेळी "मामा" म्हणताना माझा आवाज बसायचा, आणि ती म्हणायची, बाबा, नीट म्हण.

या महिन्यात ती दहापैकी दहा देऊ लागली.

गेल्या शुक्रवारी सकाळी सुखदा बाजारात गेली होती. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो. बाहेरच्या खोलीतून संगीत ऐकू आलं. ओळखीचं, मधूनच ताणलं जाणारं.

मी सुरी ठेवली.

खोकं जमिनीवर होतं. पट्ट्या नीट सोलून काढलेल्या. पडद्यावर तो धक्का, ते उडालेले रंग, आणि टोकाला कागदी छत्री घेतलेला म्हातारा. तोंड हलत होतं. मला नुसतं संगीत ऐकू येत होतं.

सानिका पडद्याकडे बघत नव्हती. टीव्हीकडे पाठ करून, जमिनीवर पालथी पडून ती वहीत फुलं रंगवत होती.

"बंद कर," मी म्हणालो.

"थांब ना. याचा आवाज छान आहे." ती रंगवतच राहिली. "बाबा, हा गंमत करतो. बोलायच्या आधी हं करतो. तोंड मिटून. हं. मग बोलतो."



"काय बोलतो?" मी विचारलं.

"तेच. खाली ये."

मी दारातच होतो. हात आपोआप तोंडापुढे गेला, सरावात रिंग धरतो तसा. "कोणाला म्हणतो? मामा की बाबा?"

पेन्सिल थांबली. तिने डोळे मिटले आणि कान थोडा तिरका केला, मी शिकवलं होतं तसा. विमान गेलं, काच थरथरली. ते संपेपर्यंत ती थांबली, आणि मग पुन्हा नीट ऐकलं.

"बाबा," ती म्हणाली.

मी वायर ओढून टीव्ही बंद केला. दुपारी पुन्हा सराव घेतला. कापड दुहेरी केलं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलो, अगदी हळू म्हणालो. तीस शब्द घेतले.

तिची एकही चूक झाली नाही.