लाल तारेची गाठ

त्याची ओळख आधी माझ्या पायाच्या अंगठ्याशी झाली. तो पाठमोरा दुकानात शिरला, हार्पची, म्हणजे माणसाएवढ्या उभ्या तंतुवाद्याची, ट्रॉली ओढत... आणि चाक सरळ माझ्या पायावर!

"आंधळा आहेस का रे?"

"सॉरी... मागे डोळे नाहीत मला."

"पुढचे तरी कुठे चालतात!"

मामा खो-खो हसला. वाद्यं दुरुस्त करायचं दुकान त्याचं. बाईंशी भांडून शाळा सोडली तेव्हापासून मीही तिथेच. त्या उंच पोराच्या, लंबूच म्हणायचे मी त्याला, हार्पच्या सात तारा गेल्या होत्या आणि अकरा दिवसांनी, शनिवारी, त्याची संगीत कॉलेजची परीक्षा होती. दोनदा नापास झालेला. यानंतर वयात बसत नव्हता.

तारा मी बसवल्या. हार्पच्या पोकळ पोटात हात घालायचा, तार भोकातून वर काढायची, खुंटीला गुंडाळायची. खाली गाठ, आणि गाठीत जुन्या जाड तारेचा तुकडा. तो नसला की ताण पडून गाठ भोकातून वर निसटते. नवी तार रोज उतरते, म्हणून लंबू रोज चार वाजता सूर लावायला यायचा.

"ठिणगी, किल्ली दे."

"नाव आहे मला."

"असेल. पण हे जास्त शोभतं."

खुंट्या पिळायची ती किल्ली देताना बोटं लागायची... आणि दोघांनाही ती सोडायची घाई नसायची. सूर ओळखता यावेत म्हणून हार्पच्या काही तारा रंगीत असतात; एकदा त्याने माझं बोट धरून मी बसवलेल्या लाल तारेवर ठेवलं. "छेड." मी छेडली, तर तो सूर कोपरापर्यंत झिणझिणत आला.

"तारेकडे बघ की," तो म्हणाला.

मी कुठे बघत होते हे त्याला कसं कळलं? तोही तारेकडे बघत नव्हता म्हणून!

सहाव्या दिवशी म्हणाला, "बसल्या तारा. उद्या घेऊन जातो. सुटलीस तू माझ्या तावडीतून."

हसत म्हणाला. हसत! माझं टाळकंच सटकलं.

तो गेल्यावर मी तीच लाल तार सोडली आणि परत बांधली — तुकडा न घालता, तो खिशात टाकून. उद्या सूर लावताना त्याच्यासमोरच निसटेल, नवी घालावी लागेल, अजून चार दिवस येईल. एवढंच. शप्पथ, एवढंच.

"ही फारच उतरलीये," दुसऱ्या दिवशी पुटपुटत त्याने किल्ली फिरवली. या वेळी मी तारेकडेच बघत उभी. मेली सुटली नाही. दहा मिनिटं वाजवली, तरी नाही. बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

"थांब..."

"काय गं?"

"काही नाही... नीट वाजव."

"शनिवारी ये ना. तू समोर असलीस की... भीती नाही वाटत." त्याचे कान लाल झाले.

आता कुठल्या तोंडाने सांगू? पुढचे सगळे दिवस मी फोन हातात घेत होते आणि ठेवून देत होते.

शनिवारी परीक्षेला मी समोर जाऊन बसले, आणि तिसऱ्या मिनिटाला — फट्! लाल तार उडाली आणि वरच्या खुंटीला लोंबत राहिली. तो दोन सूर पुढे गेला, मागे आला, थांबला. परीक्षक बाईंनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर जिन्यात त्याने ती तार माझ्यासमोर धरली. "यात तुकडा नाहीये."

विसरले म्हटलं असतं तर त्याने माफ केलं असतं. तसा होता तो.

"मुद्दाम नाही घातला," मी म्हटलं. "तू यायचा बंद होशील म्हणून."

त्याने तारेचं मोकळं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाला, "सोमवारी चार वाजता मी येणारच होतो, वेडे. हार्प न घेता."

तार त्याने माझ्या हातावर ठेवली. बोटाला बोट न लावता.

सोमवारी चार वाजता ट्रॉली आली. आणली टेम्पोवाल्याने. वर चिठ्ठी होती — 'गाठ मामांनीच बांधावी.'

मी खिशातला तुकडा मामाच्या हातावर ठेवला आणि पायरीवर जाऊन बसले.