आहेस ना मागे?

माणूस डोळ्यांनी प्रेमात पडतो म्हणतात. कसले डोळे घेऊन बसलात! दमयंती नागवेकर प्रेमात पडली ती कानांनी, आणि तेही ड्यूटीवर असताना.

१९८३ सालचा ऑक्टोबर. रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ट्रंककॉलच्या बोर्डावर बसली होती. तार ऑफिसच्या केबिनमधून कोणीतरी बार्शीचा पी. पी. कॉल लावला होता, म्हणजे शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलावून आणायचं. दोन तासांनी लाईन लागली, आणि लागली तीही अशी, की आईचा आवाज दमयंतीला जेमतेम पोचत होता आणि केबिनमधल्या माणसाला मुळीच नाही.

"हॅलो! आई! हॅलो!" तो बिचारा घसा फोडत होता.

नियम काहीही असो, दमयंतीला राहवलं नाही. "थांबा, मी सांगते. त्या विचारतायत – जेवलास का रे बाळा?"

पलीकडून हसू ऐकू आलं. "जेवलो म्हणावं. पण तुम्ही बाळा नका म्हणू हो, तिशीला आलोय मी."

"मी नाही म्हटलं, आईंनी म्हटलं. मासे खायला शिकलास का, विचारतायत."

"शिकलो म्हणावं. घशात काटा अडकला होता ते मात्र सांगू नका."

"नाही सांगत," दमयंती म्हणाली, आणि आईंना नुसतंच 'शिकलेत' म्हणून कळवलं. तेवढ्यात तीन मिनिटं संपली. तिने लाईन जोडणारी कॉर्ड काढली. असले शंभर कॉल ती रोज जोडायची, पण त्या संध्याकाळी खालच्या आळीतल्या आपल्या दोन खोल्यांत सकाळचा भात गरम करताना तिला तो प्रश्न आठवला. जेवलीस का? तीन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून हे तिला कोणी विचारलं नव्हतं. भाऊ मुंबईला गोदीत होता. गणपतीला यायचा, खिशातून एखाद्या स्थळाचा फोटो काढायचा, तिने नको म्हटलं की तोंड पाडून परत जायचा. अठ्ठावीस वर्षांची बाई दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडायची आणि घरी येऊन कुलूप उघडायची. बोलायला घरात होतं कोण?

नाही म्हणायला एक नाटक होतं. आत्मारामबापू मयेकरांचा फोटो स्टुडिओ होता, पण बापूंचा जीव हौशी नाटकात. दरवर्षी नाट्यस्पर्धेत उतरायचं आणि हरून परीक्षकांना शिव्या घालायच्या, हा त्यांचा नेम. त्यांच्या संस्थेत दमयंती सहा वर्षं प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, वही मांडीवर, आणि नट अडला की कुजबुजून वाक्य पुरवायचं. टाळ्या त्याला, डास हिला.

त्या वर्षी बापूंनी वाचनालयातून ग्रीक पुराणकथांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि त्यातून स्वतःच एक नाटक लिहून काढलं. ऑर्फियस नावाचा गवई. त्याची बायको युरिडिसी साप चावून मरते. हा पाताळात उतरतो, असा गातो की मृत्यूचा राजा विरघळतो. म्हणतो, ने तिला, पण ती मागून येईल, वर उजेडात पोचेपर्यंत वळून बघायचं नाही. बघितलंस, की ती गेली. आणि हा शहाणा अगदी दाराशी येऊन मागे बघतो.

"ह्यात ग्रीक काय आहे?" नेपथ्यवाला धोंडू म्हणाला. "मयत पोचवून येताना आपण तरी मागे बघतो काय?"

"हेच! हेच मला पब्लिकला सांगायचाय!" बापूंनी मांडीवर थाप मारली.

युरिडिसी झाली कमळा, दवाखान्यातली नर्स. ऑर्फियस मिळेना. मग बांधकाम खात्यातला एक नवा ड्राफ्ट्समन बापूंनी धरून आणला. अंबादास क्षीरसागर. आडनावात सागर, पण खरा समुद्र पहिल्यांदा इथे बदली झाल्यावर पाहिलेला. उंच, सावळा, आणि चेहऱ्यावर कायम थोडं हरवल्यासारखं. तालमीच्या पहिल्याच दिवशी तो तिसऱ्या वाक्याला अडला. विंगेतून दमयंतीने हळूच वाक्य दिलं... आणि तो तिथेच थांबला.

"काय झालं रे?" बापू ओरडले.

"जेवलास का रे बाळा!" तो विंगेकडे बोट दाखवून म्हणाला. "बापू, ह्याच त्या!"

सगळे बघायला लागले. दमयंतीने वहीत असं तोंड घातलं की कानाच्या लाल पाळ्या तेवढ्या बाहेर राहिल्या.

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. ऑर्फियस पुढे आणि युरिडिसी मागे, असा परतीचा प्रवेश होता. अर्ध्या वाटेवर तो थांबून विचारतो, 'आहेस ना मागे?' मागून उत्तर येत नाही, तो पुन्हा चालू लागतो. एवढंच वाक्य, शाळेतल्या पोरालाही पाठ होईल. पण पानंच्या पानं घडाघडा म्हणणारा अंबादास नेमका इथेच अडायचा. अडायचा आणि वाट बघायचा. मग विंगेतून हलकेच यायचं – "आहेस ना मागे?" – की हा ते उचलायचा आणि पुढे निघायचा.

"रोज तेच वाक्य कसं हो विसरता?" एकदा दमयंतीने विचारलंच. तालीम संपून दोघं मांडवीच्या जेटीवर आले होते. सूर्य नुकताच बुडाला होता, होड्या परतत होत्या.

"विसरतो कुठे?" तो समुद्राकडे बघत म्हणाला. "ऐकतो."

झालं! तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग उगाच नाटकावर घसरली. "तुम्हाला काय वाटतं, त्याने मागे का बघितलं असेल?"

"विश्वास कमी पडला. बापू तसंच म्हणतात."

"बापूंना काय कळतंय!" ती एकदम म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "म्हणजे... मला तिचाच राग येतो. न बघण्याची अट त्याला होती. बोलू नकोस असं तिला कोणी सांगितलं होतं? एक शब्द बोलायचा. नुसतं 'आहे' म्हटलं असतं, तर तो कशाला वळला असता?"

अंबादास तिच्याकडे बघत राहिला. "खरंच की. मग का नाही बोलली?"

"सवय नसेल," दमयंती म्हणाली.

त्याने हात पुढे केला... आणि जेटीचा कठडा धरला. तिच्या हातापासून चार बोटांवर. दोघांनीही हात हलवले नाहीत. शेवटी तोच हसून म्हणाला, "आपल्याकडे उलटं आहे नाही? नळ दमयंतीला झोपेत सोडून जातो."

"तुम्ही नाही ना जाणार?" हे वाक्य दमयंतीच्या अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "चला, उशीर झाला."

स्पर्धेतला प्रयोग डिसेंबरच्या दहा तारखेला होता. त्याच दिवशी दुपारी तिच्या बोर्डावर मुंबईहून बांधकाम खात्याचा कॉल आला. ऐकायचं नसतं, पण लाईन नीट लागली का हे बघायला क्षणभर कान द्यावाच लागतो. त्या क्षणात तिने ऐकलं, "क्षीरसागरची सोलापूरची ऑर्डर निघाली. अर्ज केला होता ना त्याने? या आठवड्यातच सोडा त्याला."

अर्ज केला होता. म्हणजे स्वतःहून. आणि जेटीवर 'ऐकतो' म्हणत होता! दमयंतीने कॉर्ड जागेवर ठेवली.

संध्याकाळी नाट्यगृह गच्च भरलं. पहिला अंक सुरेख झाला. अंबादास असा गायला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. दुसऱ्या अंकात तो प्रवेश आला. निळा उजेड, तो पुढे, कमळा मागे. अर्ध्या वाटेवर तो थांबला. नेहमीसारखा वाट बघू लागला.

विंगेत दमयंतीची बोटं त्या ओळीवर होती. ओठही उघडले होते. 'आहेस ना मागे?' कोणी कोणाला विचारायचं? निघून चाललाय कोण? तिने ओठ मिटले.

एक क्षण गेला. दोन. पाच. वाक्य त्याला पाठ होतं, म्हणाला असता तर निभावलं असतं. पण अंबादासच्या चेहऱ्यावरचा ऑर्फियस कुठल्या कुठे गेला, घाबरलेला अंबादास तेवढा उरला, आणि त्याने वळून बघितलं. मागे नाही, डावीकडे. थेट विंगेत. तिच्याकडे.

पडदा पडला. मागे कमळा दोन्ही हात पसरून विरून जायला तयार उभी होती. "मी मेले तरी कोणी बघेना माझ्याकडे!" ती कडाडली. परीक्षकांनी शेरा मारला, 'ऑर्फियस विंगेत पाहतो, याचा अर्थ लागत नाही.' तो अर्थ अख्ख्या रत्नागिरीला लागला होता. बक्षीस अर्थातच गेलं. बापू दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

दमयंतीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोर्डावर दिवा लागला, आणि ओळखीचा आवाज म्हणाला, "एक कॉल लावायचाय. रत्नागिरी ते रत्नागिरी. दमयंती नागवेकरांना बोलवा."

"लाईन बिझी आहे," ती म्हणाली आणि कॉर्ड उपटली. मग पाणी प्यायच्या निमित्ताने उठली आणि मोरीपाशी उभी राहून रडली.

शुक्रवारी संध्याकाळी कमळा घरी आली, ती तरातराच. "काय गो, ठार बहिरी झालीस काय? अर्ज त्याने इथे आला त्याच महिन्यात केलान होता. आई तिकडे बार्शीला एकटी, म्हाताऱ्या माणसाला नीट ऐकू येत नाही. तेव्हा तुला ओळखत तरी होता काय? उद्या नऊच्या सोलापूर गाडीने निघतोय. तुला निरोप दिलाय त्याने."

"काय?"

"म्हणाला, एकदा मागे बघून घालवलं. उद्या बघणार नाही. तिला सांगा, न बोलण्याची अट तिला कोणी घातलेली नाही." कमळाने कपाळावर हात मारला. "मला काय कळलं नाही बाई. तुला कळलं तर बघ."

कमळा गेली. दमयंतीने ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. जेटीवर त्या युरिडिसीला किती नावं ठेवली होती आपण! आणि आपण काय केलं? स्वतःच्याच घरात तिने 'आहे' असं म्हणून बघितलं. आवाज कुजबुजण्याइतकाच निघाला.

शनिवारी सकाळी एस. टी. स्टँडवर ही गर्दी. मासळीच्या टोपल्या, ट्रंका, कोणाची कोंबडी सुटलेली. फलाटाच्या टोकाला सोलापूर गाडी लागली होती, आणि तिच्याकडे अंबादास चालला होता. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी, मान ताठ. बापू आणि धोंडू पोचवायला आले होते, पण तो त्यांच्याकडेही बघत नव्हता. दमयंती त्याच्यामागे दहा पावलांवर होती. पायात रबरी चपला, पाऊल वाजत नव्हतं.

"आहे..." ती म्हणाली. शेजारच्या कोळणीलाही ऐकू गेलं नाही.

तो गाडीच्या दाराशी पोचला. ट्रंक आत सरकवली. एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबला. मान वळली नाही, पण पाठ थरथरलेली तिला दिसली. वळला तर गेलं... चढला तरी गेलं.

"आहे!" दमयंती ओरडली. सहा वर्षांत विंगेबाहेर न गेलेला आवाज पार पेट्रोलपंपापर्यंत गेला. कंडक्टरची शिट्टी तोंडातच राहिली. "मी आहे मागे!"

अंबादास तसाच उभा. "प्रॉम्प्ट करताय," त्याने पुढे बघतच विचारलं, आणि त्याचा आवाज फाटला, "की तुमचं वाक्य आहे?"

"माझं! माझं आहे!" तिला रडूही येत होतं आणि हसूही. "वळू नका! मी येतेय. भावाला आजच पत्र टाकते. बदलीचा अर्ज करते, तुमच्यासारखाच. लागेल वेळ, पण येतेय. आईंना सांगा... सांगा, जेवायला थांबा म्हणावं!"

"सांगतो," तो म्हणाला, आणि न वळता गाडीत चढला.

"अरे, हे नाटकात करायला काय धाड भरलेली!" बापू ओरडले, आणि धोंडूच्या खांद्यावर डोळे पुसू लागले.

गाडी हलली. खिडकीतून त्याची पाठमोरी मान तेवढी दिसत होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती मान वळली नाही, आणि दमयंती 'आहे, आहे' म्हणत राहिली. मग स्टँड पुन्हा आपल्या कामाला लागला. ती घरी आली, कुलूप उघडलं. खोल्या तशाच होत्या, एक ताट, एक पाट. बदली व्हायला वर्ष लागेल की दोन, कोणास ठाऊक. ती रात्र तिला फार मोठी गेली.

रविवारी संध्याकाळी ती बोर्डावर होती. बार्शीचा दिवा लागला.

"रत्नागिरी, बोला," ती सवयीने म्हणाली.

"हॅलो रत्नागिरी, तुमच्याकडे दमयंती नागवेकर कोणी आहेत का?" बार्शीची ऑपरेटर विचारत होती. "त्यांना कॉल आहे."

सगळ्यांची बोलणी जोडणाऱ्या दमयंतीला आजवर एकही कॉल आला नव्हता. "आहे," ती म्हणाली. "मीच."

लाईन खरखरत होती. लांब कुठेतरी एक म्हातारा आवाज काहीतरी विचारत होता, पण शब्द लागत नव्हते. दमयंतीने हेडफोन कानावर दाबून धरला. "हॅलो... काही ऐकू येत नाही हो."

"थांबा, मी सांगते," बार्शीची ऑपरेटर म्हणाली. "त्या विचारतायत – जेवलीस का गं?"

दमयंतीने डोळे मिटले.

"नाही अजून," ती म्हणाली, ते इतक्या मोठ्याने की शेजारच्या बोर्डावरची बाई मान वर करून बघायला लागली.