विषम ठिपका

त्या दुपारी प्राचीताई निघाली तरी कुठे होती? संघपालने पोलिसांना विचारलं, तिच्या सरांना विचारलं. दिल्लीत हिंदूराव हॉस्पिटलच्या चढावर ज्या बसने तिला उडवलं, त्या बसच्या ड्रायव्हरचाही गळा धरून विचारलं. कुणी सांगितलं नाही. त्याच सकाळी तो फोनवर तिच्यावर ओरडला होता, "घरात पाऊल ठेवू नकोस!" का, तर त्याने दहावीचा फॉर्म भरलाच नाही, हे तिने बाबांना सांगितलं.

उद्या ताईच्या पुण्यानुमोदनाचा विधी. आईने त्याला युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर ताईचं सामान आणायला पाठवलं.

खोलीत कोंदट हवेचा आणि खडूचा वास होता. ताई ग्राफ थिअरी शिकायची. ठिपके आणि रेषा, एवढंच त्याला कळायचं. फळ्यावर तेच होतं. ठिपक्यांना नावं होती: हॉस्टेल, लायब्ररी, चढ, घर.

"रोज पुसते मी, यार," ताईची रूममेट मैत्रेयी दारातूनच म्हणाली. "क्लासहून येते तर परत... रोज थोडं जास्त."

"कोण काढतं?"

"खोलीला कुलूप असतं, संघपाल."

लहानपणी ताई त्याला असलीच कोडी घालायची. हात उचलायचा नाही, एक रेष दोनदा गिरवायची नाही. 'संघू, ठिपक्याच्या रेषा मोज. विषम असतील तर वाट एकतर तिथून निघते, नाहीतर तिथेच संपते.'

त्याने हॉस्टेलवर बोट ठेवून वाट धरली. लायब्ररी, चढ, घर, पुन्हा चढ, पुन्हा हॉस्टेल... फिरून फिरून बोट चढावर आलं. तिथून घराकडे एक रेष निघाली होती. अर्धीच.

ती घरीच येत होती. तो तसं बोलल्यावरही.

"रहने दे ना... प्लीज," मैत्रेयी पुटपुटली.

पण तो कधी कुणाचं ऐकणारा? त्याने खडू उचलला आणि रेष घरापर्यंत नेली. खडू बर्फासारखा गार होता.

घराला तीन रेषा झाल्या. तीन म्हणजे विषम, म्हणजे हॉस्टेलहून निघालेली वाट घरी येऊन संपणार. हे त्याला ताईचं सामान घेऊन परतताना बसमध्ये सुचलं.

लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या क्वार्टरचं दार आईने उघडलं. त्याच्या खांद्यावरून मागे बघत ती थबकली.

"संघू... जिन्यात कोण आहे रे?"

कुणी नव्हतं. खालपासून प्रत्येक पायरीवर खडूची अखंड रेष मात्र होती. उंबरठ्याशी येऊन ती थांबली होती.

"ये, ताई," म्हणत संघपाल दारातून बाजूला झाला. एक माणूस आत येईल इतका वेळ थांबला. मग त्याने आतून कडी लावली.