रविवार मंजूर

माझ्याकडे नऊ मनगटी घड्याळं आहेत आणि त्यातलं एकही माझं नाही. म्हणजे पैसे मोजून घेतलेली आहेत, चोरलेली नाहीत. पण प्रत्येकाच्या पाठीवर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव कोरलेलं आहे. पूर्वी माणूस कंपनीत वीस-तीस वर्षं टिकला की त्याला असं घड्याळ मिळायचं. मग तो म्हातारा व्हायचा, मरायचा, आणि मुलं कपाट रिकामं करायची. जुन्या घड्याळांचे खरे शौकीन या घड्याळांना हात लावत नाहीत. अनोळखी माणसाचं नाव दिवसभर कातडीला चिकटलेलं त्यांना आवडत नाही. म्हणून ती स्वस्त मिळतात, आणि स्वस्त गोष्टींबद्दल माझ्या मनात कसलाच आकस नाही.

सोमवारी मी दूध डेअरीतले निशिगाकी असतो, पंचवीस वर्षं. मंगळवारी साबणाच्या कारखान्यातले ओकुमुरा, वीस वर्षं. बहुधा पुढे कंटाळले. सगळी मिळून माझ्याकडे दोनशे अकरा वर्षांची नोकरी आहे. माझी स्वतःची नोकरी चौदा महिन्यांची, ओसाकात, तेनजिनबाशीच्या बाजारपेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात.

आमच्याच ओळीत तोगावाबाई घड्याळं दुरुस्त करतात. वय बहात्तर. त्यांचं दुकान इतकं अरुंद आहे की आत दोन माणसं असली तर एकानं श्वास रोखून धरायचा.

"दुसऱ्यांच्या नोकऱ्या बांधून हिंडतोस नागिरा," त्या म्हणायच्या. "एखादी स्वतःची कर की."

"करतोय ना, बाई."

"ती होय? ती तुझ्या मालकाच्या तरी लक्षात आलीय का?"

नववं घड्याळ मला सप्टेंबरात शितेन्नोजीच्या देवळाच्या आवारातल्या जुन्या बाजारात मिळालं. चपटं, चावीचं, तबकडी ताकाच्या रंगाची. पाठीवर कोरलं होतं: तीस वर्षांची अखंड सेवा. विभागप्रमुख मुरोफुशी. त्सुबाकिदा वजनकाटे कारखाना. शोवा ४३. म्हणजे १९६८, माझ्या आईच्या जन्माचं साल.

तोगावाबाईंनी ते उघडलं, पुसलं, तेल दिलं आणि चार दिवसांनी मला हाक मारली.

"हे बिघडलेलं नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार होती.

"मग चांगलंच झालं की."

"हे सकाळी आठला सुरू होतं. बाराला थांबतं. एकला परत सुरू. पाचला बंद."

"आणि रविवारी?"

"रविवारी हलतसुद्धा नाही. युनियनचं दिसतंय."

मला वाटलं, बाई चेष्टा करतायत. पण तसंच होतं. चावी पूर्ण दिलेली असली तरी संध्याकाळी पाचला काटा जागच्या जागी थांबायचा, आणि सकाळी आठला पुन्हा चालू लागायचा तेव्हा बरोबर आठ दाखवायचा. पाचावरून आठावर तो कधी जातो हे बघायला मी एकदा सकाळी पावणेआठपासून त्याच्यासमोर बसलो. एकदा शिंकलो. तेवढ्यात आठ वाजले होते.

अशा घड्याळाचा एक फायदा होता. पाच वाजता ते थांबलं की मीही थांबायचो. दुकान आठपर्यंत उघडं असे, त्यामुळे मालकांना हा फायदा वाटत नव्हता.

पहिल्या आठवड्यात विशेष काही झालं नाही. फक्त लोक वाट देऊ लागले. स्टेशनच्या जिन्यावर एक म्हातारे गृहस्थ मला बघून भिंतीला चिकटले आणि कमरेत वाकले. नूडल्सच्या दुकानातल्या बाईंनी न विचारता माझ्यापुढे थंड सोबा ठेवला आणि म्हणाल्या, "पोट कसंय आता?" माझं पोट उत्तम होतं. तरी मी "बरंय" म्हटलं, आणि तेव्हापासून ते जरा बिघडलं.

दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी बारा वाजून पाच मिनिटांनी, एक माणूस दुकानात आला. पस्तिशीचा. करड्या रंगाचा कारखान्याचा पोशाख, टोपी काखेत, दोन्ही हातांत एक कागद. चष्म्यांकडे त्यानं बघितलंही नाही.

"साहेब, जेवणाच्या सुट्टीत त्रास देतोय," तो म्हणाला. "इनुझुका. मागचं फाटक."

"काय हवंय आपल्याला?"

"शिक्का, साहेब."

त्यानं कागद काउंटरवर ठेवला. रजेचा अर्ज होता, एक दिवसाचा. तळाशी सात चौकोन. सहांत लाल शिक्के होते, प्रत्येक डावीकडे किंचित कललेला, पुढच्या वरिष्ठापुढे मान झुकवल्यासारखा. सातवा चौकोन कोरा. त्याच्यावर लिहिलं होतं: विभागप्रमुख.

"मी नागिरा," मी म्हणालो. "मी इथे चष्मे विकतो."

"हो साहेब," तो म्हणाला आणि माझ्या मनगटाकडे बघत राहिला.

"मुरोफुशीसाहेब निवृत्त झाले. केव्हाच."

"हो साहेब. त्याच दिवशी आणला होता अर्ज. पण हारतुरे चालले होते, फोटो होते, तुम्हाला घड्याळ मिळालं, मग तुम्ही टॅक्सीत बसलात. मी धावलो मागे, पण टोपी पडली."

"मग नव्या साहेबांकडे जायचं."

"गेलो होतो. ते म्हणाले, जुन्या साहेबांच्या काळातला कागद, जुन्या साहेबांचाच शिक्का."

हे मला पटलं. आमच्याकडेही तसंच आहे.

"रजा कशासाठी?"

तेव्हा त्याचा चेहरा पहिल्यांदा हलला. "मुलीच्या शाळेत खेळ आहेत, साहेब. येत्या रविवारी. एक पाय बाबाचा, एक पाय मुलीचा, बांधून धावायचं. दुसरीत आहे. तिनं बाईंना सांगून टाकलंय की बाबा येणार."

"अहो, तेव्हापासून किती रविवार गेले!"

"नाही साहेब," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "रविवार आलाच नाही अजून. मंजुरीशिवाय कसा येईल?"

एकला पाच मिनिटं असताना तो वाकला, टोपी घातली आणि गेला. मालक कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांना तो दिसला नव्हता. पण मालकांना गिऱ्हाईकंही दिसत नाहीत, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही.

तो रोज येऊ लागला. बारा पाचला यायचा, कागद ठेवायचा, थांबायचा. आवाज चढवायचा नाही, विनवणीही करायचा नाही. फक्त दोरीच्या गाठींबद्दल विचारायचा. पाय बांधायला कुठली गाठ बरी, घट्ट पण मुलीला न काचणारी? मी मोबाईलवर शोधून दाखवली. त्यानं मोबाईलकडे न बघता माझ्या बोटांकडे बघून ती शिकून घेतली.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी घड्याळ काढून खणात टाकलं. बारा पाचला इनुझुका आला आणि माझ्यावरून नजर फिरवून गेला, जशी रिकाम्या खुर्चीवरून फिरवतात. "साहेब?" त्यानं आरशाला विचारलं. मग छत्र्यांच्या स्टँडला. पन्नास मिनिटं तो कागद छातीशी धरून उभा होता, आणि जाताना खुंटीवर टांगलेल्या माझ्या कोटाला वाकून नमस्कार करून गेला.

मी ते पुन्हा बांधलं. मी काही फार चांगला माणूस नाही, पण कोटाला केलेला नमस्कार बघवत नाही.

त्या संध्याकाळी तोगावाबाईंकडे गेलो.

"माहितेय," त्या भिंगातून वर न बघता म्हणाल्या. "डाव्या बुटाची नाडी सुटलीय त्याची. सांग त्याला, पडेल कुठेतरी."

"तुम्हाला दिसतो तो?"

"या गल्लीत पन्नास वर्षं बसलेय मी. काय काय दिसतं. मारणार आहेस शिक्का?"

"शिक्का कुठाय माझ्याकडे?"

"मग तुझा प्रश्न मिटला," त्या म्हणाल्या आणि भिंग काढलं. "आणि मिळालाच, तर वाचून मार."

"बाई, सहा जणांनी वाचलाय तो."

"सहा जणांनी प्रत्येकी हेच म्हटलं असणार."

आमच्याकडे सहीऐवजी आडनावाचा शिक्का मारतात, आणि माझं आडनाव दुर्मीळ आहे. तयार शिक्क्यांचा तो फिरता स्टँड असतो ना, हजार आडनावांचा, त्यावर मला आयुष्यात कधी माझं नाव मिळालेलं नाही. शनिवारी सकाळी कागदाच्या दुकानात मी सहज तो स्टँड फिरवला. नागिरा नव्हताच. पण मुरोफुशी होता. एकच. त्याच्यावर धूळ नव्हती.

बारा पाचला इनुझुका आला. मी शाईची डबी उघडली. खरं सांगायचं तर मला जरा मजा वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझा शिक्का शेवटचा होता, म्हणजे कोणापुढे कलवायची गरज नव्हती. मी तो ताठ मारला. सरळ, गोल, लाल.

इनुझुकानं कागद उचलून ओल्या शाईवर फुंकर मारली. मग त्याच्या नाकातून एक आवाज आला. हसला की रडला, ते त्यालाही ठरवता आलं नसावं.

"पहिले नाही आलो तरी चालेल," तो म्हणाला. "पडायचं नाही, एवढंच तिला सांगितलंय."

"नाडी बांधा मग."

त्यानं खाली बघितलं, लाजला, बांधली. मी शिकवलेल्या गाठीनं. कागदाखालची पातळ प्रत फाडून माझ्या हातात दिली. "ही साहेबांची." आणि पाठ न दाखवता, वाकत वाकत, दारातून बाहेर गेला.

तो दिसेनासा झाल्यावर मी प्रत वाचली.

सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, एक ओळ होती. रजेच्या काळात फाटक सांभाळणार. पुढे, तशाच फिकट निळ्या अक्षरांत, माझं नाव. माझ्या आडनावातलं पहिलं अक्षर लोक नेहमी चुकवतात. इथे ते बरोबर होतं.

मी मालकांकडे रविवारची रजा मागितली. त्यांनी अर्ज न वाचता शिक्का मारला.

तुम्ही म्हणाल, जायची काय गरज होती? मीही तेच म्हणत होतो, रविवारी सकाळी बूट घालताना. पण एकाच दिवसाचा प्रश्न होता. आणि फाटकावर कोणी नाही म्हणून कोणी त्याला शर्यतीतून परत बोलावलं असतं, तर?

कारखाना होता तिथे, नदीच्या बाजूला, आता गाड्या लावायचा तळ आहे. मागच्या बाजूला एक आडवा लोखंडी दांडा आहे, गाडी आली की आपोआप वर जातो. मी त्याच्याशेजारी उभा राहिलो. दांडा माझ्यापेक्षा चांगलं काम करत होता. एका बाईनं गाडीची काच खाली करून मला "बरं झालं, कोणीतरी माणूस आहे" म्हटलं. मी मान लववली.

बरोबर आठला मनगटावर टिकटिक सुरू झाली.

रविवार होता.

नऊपर्यंत आठ गाड्या आल्या. दहानंतर एकही नाही. रस्त्यावरचा आवाज कमी होत गेला. मग नदीपलीकडून, खूप लांबून, लाऊडस्पीकरवरचं बँडचं संगीत आलं आणि मुलांचा गलका. मी कान देऊन ऐकलं. शिट्टी वाजली. गलका वाढला, वाढला, आणि टाळ्या पडल्या.

मला इतका आनंद झाला की मी त्या दांड्याला थोपटलं.

दांडा लाकडाचा होता.

मी वर बघितलं नाही. समोरच्या गाड्या आहेत की नाहीत, तेही बघितलं नाही. घड्याळाकडे बघत राहिलो, कारण तेवढंच ओळखीचं होतं.

बाराला ते थांबलं.

रस्त्यानं एक मुलगी पळत आली. सात-आठ वर्षांची, पांढरा गंजी, डोक्याला लाल पट्टी, गुडघ्यांना माती नाही. तिच्या हातात रुमालात बांधलेला डबा होता.

"पडलो नाही!" ती लांबूनच ओरडली. "तिसरे आलो!"

"शाब्बास," मी म्हणालो. "बाबा कुठायत?"

"झोपलेत. गवतावर. आई म्हणाली, उठवू नकोस, खूप दमलेत ते." तिनं डबा माझ्यापुढे धरला. "हा घ्या."

डबा गरम होता.

"आई विचारतेय," ती एका पायावर उड्या मारत म्हणाली, "उद्या काय देऊ?"

मला सांगायचं होतं की मी नागिरा, मी चष्मे विकतो, उद्या सोमवार आहे. मी तोंड उघडलं.

"कालच्यासारखंच," मी म्हणालो. "फक्त लोणचं जरा कमी."